मागे घेतलेल्या शुभेच्छा

पिंपळखारात कुणी गेलं, की रडण्याचा पहिला आवाज त्या घरातून उठतो की पहिली बातमी चांगदेव घरतच्या फोनवरून फुटते, यावर अजून गावाचं एकमत झालेलं नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं, जोडलेले हात, कोपऱ्यात तेवती पणती आणि तळाला 'शोकाकुल : चांगदेव घरत' एवढा ऐवज त्याच्या फोनात बारा महिने तयार असायचा. फक्त फोटो बसवायची खोटी.

गेल्या वर्षी तुकाराम भगताला अलिबागच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात नेलं, तेव्हा चांगदेवनं तोही बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द तुकारामाचा फोन.

"चांग्या, माझा यापेक्षा बरा फोटो न्हवता काय रं तुझ्याकडं?"

चांगदेवच्या हातातला चहा सांडला. पंधरा दिवसांनी तुकाराम चालत घरी आला, आणि पाणवठ्यावरच्या बायकांनी ठरवून टाकलं, की चांगदेवच्या फोनला काहीतरी उलटा गुण आहे. त्यानं वाईट लिहिलं की भलं होतं. चांगलं लिहिलं की काय होतं, हे तेव्हा कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

माणूस वाईट नव्हे. त्याचा बाप रावजी मिठागरावर राबला. खाडीचा बांध फुटला, मिठाचे वाफे खारफुटीखाली गेले आणि पोरगा मांडव्याच्या धक्क्यावर आला. गेटवेहून येणारी बोट धक्क्याला लागताना बोटीवरून दोर फेकतात. तो झेलायचा, लोखंडी खुंटाला अडकवायचा, लोक उतरले-चढले की सोडायचा. दिवसातून चौदा वेळा झेला, चौदा वेळा सोडा. 'सागरझेप' नावाच्या बोट कंपनीत चौदा वर्षं हेच काम, आणि ते तो उत्तम करायचा. वारा कसाही असो, दोर कधी पाण्यात पडू दिला नाही. पण फेसबुकावर त्यानं स्वतःपुढे लिहिलं होतं, 'मॅनेजर, सागरी व्यवहार'.

"दोर धरतो म्हणून लिहायला काय लाज वाटते?" त्याची बायको शकू विचारायची.

"इंग्रजीत त्याला तेच म्हणतात."

त्याची पहाट फोनवर उजाडायची. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. एकाही देवाचा वार चुकायचा नाही. घरच्या देव्हाऱ्यातले देव मात्र शकूची आंघोळ होईपर्यंत पारोसेच बसलेले असायचे. त्यांना फोन नव्हता.

एकच गोष्ट त्याच्या फोनवर कुणाला दिसली नसती. चांगदेव कंपनीत कायम नव्हता. चौदा वर्षं तो ठेकेदाराच्या नावावर, अकरा अकरा महिन्यांच्या कागदावर जगत होता. गावाला मात्र त्यानं सहा वर्षांपूर्वीच 'कायम झालो' सांगून पेढे वाटले होते. तेव्हा साहेबानं 'बघू' म्हटलं होतं आणि चांगदेवला ते 'झालं' असं ऐकू आलं होतं. पेढे वाटून झाल्यावर परत थोडेच मागता येतात? सहा वर्षं नवरा-बायको ती थाप उराशी धरून बसली होती. शकूनं कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलून ठेवला होता, की खरंखुरं पत्र हातात आलं की खणानारळानं ओटी भरीन. आणि यंदा खरंच वेळ आली होती. डिसेंबर संपायच्या आत तिघांना कायम करायचं ठरलं, यादीत चांगदेवचं नाव होतं, साहेबाची सहीही झाली होती म्हणे.

त्याच सुमाराला मुंबईच्या ऑफिसातून मृणाली मॅडम आल्या. धक्क्यावरच्या प्रवाशांच्या शेडमध्ये पांढरा पडदा टांगला, सतरा माणसं खुर्च्यांवर बसवली. विषय, समाजमाध्यमांचा जबाबदार वापर. मॅडम वयानं लहान, बोलायला गोड.

"तुम्ही ड्युटीवर नसता ना, तेव्हाही तुम्हीच कंपनीचा चेहरा असता," त्या म्हणाल्या. "लग्नात जा, सणात जा, लोक तुमच्यात कंपनीच बघतात. अभिमानानं सांगा, मी सागरझेप परिवारातला. काय चांगदेवकाका?"

चौदा वर्षांत मुंबईच्या माणसानं त्याला नावानं हाक मारायची ही पहिली वेळ. चांगदेव खुर्चीत चार बोटं वर आला. मग मॅडमनी कंपनीला दहा वर्षं झाल्याचा खास लोगो सगळ्यांच्या फोनवर पाठवला, निळी लाट आणि तिच्यावर झेपावणारा पक्षी. (कंपनी दहा वर्षांची आणि चांगदेव चौदा वर्षांचा कसा, तर आधीच्या मालकानं बोटी विकल्या तेव्हा दोर धरणारे त्यांच्यासोबतच गेले, खुंटासारखे.) "आपापल्या फोटोला लावा," मॅडम म्हणाल्या, "आणि आता आपण दुसऱ्या भागाकडे येऊ."

नेमका तेव्हा बाराच्या बोटीचा भोंगा झाला. चांगदेव आणि दुसरे दोन दोरवाले उठले.

"बसा ना, महत्त्वाचं आता येतंय."

"मॅडम, बोट लागतेय," चांगदेव म्हणाला आणि गेला.

दोर झेलून, दीडशे माणसं उतरवून, शंभर चढवून तो परत आला तेव्हा पडदा गुंडाळून झाला होता आणि वडापाव वाटणं चाललं होतं. "दुसऱ्या भागात काय झालं?" त्यानं तिकीट खिडकीवालीला विचारलं.

"तेच, आणखी थोडं," ती वडा खात म्हणाली.

चांगदेवनं कागदावर सही केली, 'मी संपूर्ण प्रशिक्षण घेतले आहे व मला ते समजले आहे.' काय करा हे त्यानं ऐकलं होतं. काय करू नका, ते सगळं बाराच्या बोटीखाली गेलं.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून चांगदेव चोवीस तास कंपनीचा चेहरा झाला. घरातही कंपनीची टोपी. बारशाच्या शुभेच्छांवर निळी लाट, दहाव्याच्या निमंत्रणावर निळी लाट. 'शोकाकुल : सागरझेप परिवार, मांडवा.' खालच्या आळीतली म्हैस हरवली तेव्हा तिच्या फोटोखालीही झेपावणारा पक्षी आला, आणि कंपनीच्या ऑफिसात म्हैस सापडली का विचारायला दोन फोन गेले. तिथल्या मुलीनं विसरलेल्या सामानाच्या वहीत छत्री आणि चष्म्यांच्या खाली म्हशीची नोंद करून ठेवली. गावाला वाटायला लागलं, की कंपनी भलतीच मायाळू आहे.

तिच्या मायेची परीक्षा कोंडाजीच्या वाढदिवसानं घेतली.

कोंडाजी घरत म्हणजे चांगदेवचा सख्खा चुलतभाऊ. तीन होड्या, गळ्यात बोटाएवढी साखळी, होडी बचाव समितीचा अध्यक्ष. धक्क्याच्या बाजूच्या पुळणीवर पिढ्यान्‌पिढ्या गावच्या होड्या बांधल्या जायच्या. कंपनीनं महिन्याभरापूर्वी तिथं बोर्ड ठोकला, 'खासगी जागा. होड्या बांधू नयेत.' कोंडाजीनं जाहीर केलं, नाताळच्या गर्दीचा रविवार गाठून धक्क्यावर मोर्चा. मुंबईची सगळी माणसं बोटीत अडकली पाहिजेत, मगच कंपनीला समुद्र कुणाचा ते कळेल.

आता मोर्चा निराळा आणि वाढदिवस निराळा, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. भावकीत नारळाच्या एका झाडावरून कोर्टात जातील, पण दिवाळीला कुंपणावरून लाडवाचं ताट द्यायला चुकणार नाहीत. वाढदिवसाला शुभेच्छा न देणं म्हणजे वैर जाहीर करणं. तेव्हा बुधवारी पहाटे चांगदेवनं कोंडाजीचा काळा चष्मा लावलेला, कानाला फोन धरलेला फोटो काढला, मागे उसळती लाट लावली आणि वर लिहिलं : 'आमचे बंधू, होडीवाल्यांचा वाघ, कोंडाजीशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आई एकवीरा आपणांस उदंड आयुष्य देवो व आपल्या सर्व मनोकामना पूर्ण होवोत. शुभेच्छुक : सागरझेप परिवार, मांडवा.' उजव्या कोपऱ्यात झेपावणारा पक्षी.

कोंडाजीनं ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. डोकं त्याला देवानं भरपूर दिलंय, फक्त ते कुणाच्या भल्याला लावायचं याची देवाला आठवण राहिली नाही. दुपारपर्यंत त्या शुभेच्छांचा दहा फुटी बॅनर मांडव्याच्या फाट्यावर लागला आणि खाली तो स्वतः बोलताना दिसला. "कंपनीनं लेखी दिलंय, आमच्या सर्व मनोकामना पूर्ण होवोत. आमची कामना एकच हाय. बोर्ड काढा! कंपनी आपल्यासोबत हाय, चला रविवारी!"

गुरुवारी सकाळी नवाच्या बोटीतून मृणाली मॅडम उतरल्या. सोबत ऋत्विक साहेब, धक्क्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांच्या बोटीचा दोर चांगदेवनंच झेलला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे काय आहे?" ऑफिसात साहेबांनी कागद पुढे टाकला. त्यावर कोंडाजी हसत होता.

"वाढदिवस हाय साहेब. भाऊ हाय माझा."

"मग स्वतःच्या नावानं द्यायच्या ना शुभेच्छा!"

"मॅडम म्हणाल्या, तुम्हीच कंपनीचा चेहरा."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, दुसऱ्या भागात मी स्पष्ट सांगितलं होतं. कंपनीच्या नावानं काहीही लिहायचं नाही, लोगो दुसरीकडे वापरायचा नाही, कंपनीचा वाद असेल तिथं तर बोटसुद्धा लावायचं नाही. तुमची सही आहे."

"दुसऱ्या भागाला बोट लागत होती, मॅडम."

"मग ती सोडून बसायचं होतं!" साहेब म्हणाले.

"मग दोर कोण धरणार होतं, साहेब?"

साहेबांचा आवाज चढला. कायम करायचं पत्र तयार होतं, ते थांबवलंय. माफीनामा टाकला नाही तर पत्र विसरायचं, आणि पुढचा अकरा महिन्यांचा कागदही विसरायचा. माफीनामा मुंबईच्या कायदा विभागानं लिहून पाठवला होता. चांगदेवला आपल्या फोनवर फक्त 'पाठवा'वर अंगठा टेकवायचा होता. त्यानं टेकवला. वाचलं नाही. पत्र हा एकच शब्द तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

गाव मात्र वाचून दमलं. 'श्री. कोंडाजी घरत यांना सागरझेप परिवाराच्या नावे देण्यात आलेल्या शुभेच्छा अनधिकृत आहेत. सदर शुभेच्छा, उदंड आयुष्य व मनोकामनापूर्तीसह, तत्काळ मागे घेण्यात येत आहेत.'

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता. संध्याकाळी शकूनं घट मांडला होता, लक्ष्मीला वेणी घातली होती, आळीतल्या दहाबारा बायका हळदीकुंकवाला जमल्या होत्या. कहाणी वाचून झाली आणि आरतीचं तबक उचलणार, तोच दारात आवडाबाई उभी राहिली. कोंडाजीची आई. वय ऐंशीच्या पुढे, उपासाचं अंग, हातात काठी, दुसऱ्या हातात नातीचा फोन.

"चांगदेव कुठं हाय?"

चांगदेव आतल्या खोलीत होता. बाहेर येईपर्यंत त्याची टोपी गळून पडली.

"काल माझ्या लेकाला ओवाळलंय मी. एकवीरेचं नाव घेऊन औक्ष मागितलंय. तू पण मागितलंस, मला बरं वाटलं. आणि आज परत घेतलंस? आरं, आजच्या दिवसाला? लक्ष्मी बसलीय पाटावर!"

"काकी, ते कंपनीनं..."

"कंपनीनं जन्म दिला काय माझ्या लेकाला? तिनं औक्ष परत घ्यायला?"

बायकांच्या हातातली केळी हातातच राहिली. कुणीतरी तुकारामाची आठवण काढली, की चांगदेवनं वाईट लिहिलं तेव्हा माणूस वाचला, म्हणजे आता चांगलं लिहून खोडलंय तर... पुढचं तिनं बोलायचं टाळलं, पण सगळ्यांना ऐकू आलं.

चांगदेव काहीतरी इंग्रजी शब्द शोधत होता. शकूच्यानं राहवलं नाही. तबक खाली ठेवून ती म्हणाली, "काकी, त्यांच्या पोटावर पाय दिला म्हणून लिहिलं त्यांनी. नोकरी जायची पाळी आलीय. अजून कायम न्हाईत ते."



"कायम न्हाय?" शेजारची वेणूबाई म्हणाली. "मग ते पेढे कसले व्हते गं?"

शकूनं पदर तोंडाला लावला. सहा वर्षांची थाप लक्ष्मीच्या समोर, दहाबारा साक्षीदारांच्या देखत अशी उघडी पडली. चांगदेवला वाटलं, फोन असता हातात तर निदान तिकडे बघता आलं असतं. आवडाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा राग कुठेतरी वळण घेत होता. प्रसादाचं केळं घेतलं, कुंकू लावून घेतलं आणि गेली.

शुक्रवारी तो माफीनामा रेवसपासून रेवदंड्यापर्यंत फिरला. 'कंपनीनं भूमिपुत्राचं आयुष्य परत मागितलं.' ज्यांना पुळण माहीत नव्हती, होडी माहीत नव्हती, कोंडाजी तर अजिबात माहीत नव्हता, त्यांनीही रविवारी मोर्चाला येतो म्हणून कळवलं. बोर्डाची गोष्ट मागे पडली. कुणाचंही आयुष्य असं परत घेता येतं काय, हा प्रश्न पुढे आला. उरणहून दोन ट्रक निघणार असल्याचं कळलं, तेव्हा ऋत्विक साहेबांना झोप लागली नाही म्हणतात.

शनिवारी ते पिंपळखारात आले. मॅडम, फुलांचा गुच्छ आणि एक केक, अशी चौघं. कोंडाजीच्या ओटीवर आवडाबाई पाटावर बसली होती, बाजूला कोंडाजी, अंगणात अर्धं गाव आणि गावाच्या मागे, पपईच्या झाडाआड, चांगदेव.

"आजी, गैरसमज झाला," साहेब गुच्छ पुढे करत म्हणाले. "कंपनीला तुमच्या मुलाविषयी आदर आहे."

"फुलं ठेवा तिकडं. मला सांगा, ह्या शुभेच्छा दिल्या कुणी?"

"आमच्या एका कर्मचाऱ्यानं, चुकून."

"तुमचा माणूस हाय तो?"

साहेब सावध होते. कायदा विभागाशी सकाळीच बोलणं झालं होतं. "तसं पाहिलं तर तो ठेकेदाराकडून येतो."

"आणि परत घेतल्या त्या कुणी?"

"त्या... कंपनीनं."

"म्हणजे देताना तो ठेकेदाराचा, आणि घेताना कंपनीचा?" आवडाबाई म्हणाली. "चौदा वर्षं तुमचा दोर धरतोय. दोर धरताना कुणाचा व्हता?"

अंगणात हशा उठला. कोंडाजी तर मांडी बडवून हसला, आणि आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याची मांडी तिथल्या तिथे गप्प झाली.

"आजी, आपण नव्यानं शुभेच्छा देऊ," मृणाली मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "कंपनीच्या अधिकृत पानावरून. मजकूर मंजूर करून आणलाय." त्यांनी वाचून दाखवला. कायदा विभागानं 'उदंड' काढून 'निरोगी' घातलं होतं. उदंडची हमी कंपनीला देता येत नाही म्हणे.

"उदंडच पायजे," आवडाबाई म्हणाली. "आणि ते चांगदेवच्याच हातनं पायजे. ज्यानं उचललं त्यानंच परत ठेवायचं, देवाला पण तसंच लागतं. पण एक हाय. अकरा महिन्यांच्या माणसाच्या हातचं औक्ष मला नको. बाराव्या महिन्यात संपलं म्हणजे? आधी त्याला कायम करा. मग त्यानं द्यावं."

साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की दुसरं कुणी हसत नाहीये. त्यांनी हळूच मॅडमना विचारलं, "ते पत्र आपण रद्द केलं होतं ना?"

"थांबवलं होतं, सर. बॅगेत आहे."

"आणि बोर्ड?" कोंडाजी मध्येच म्हणाला. आपला वाढदिवस आपल्या हातून निसटतोय हे त्याला केव्हाचं कळलं होतं.

पपईच्या झाडाआडून चांगदेवला पुढे ढकलत आणलं. त्याच्या एका हातात पत्राचं पाकीट दिलं, दुसऱ्या हातात मॅडमचा फोन. चौदा वर्षांत वाऱ्यावादळात दोर पाण्यात पडू न दिलेल्या त्या हातानं पाकीट दोरासारखंच घट्ट धरलं. त्यानं 'उदंड' दोनदा लिहिलं, एकदा खोडावं लागलं. ते कंपनीच्या पानावर चढलं. आवडाबाईनं नातीकडून वाचून घेतलं आणि मगच केकला हात लावू दिला. संध्याकाळी कंपनीचा माणूस चुन्याचा डबा घेऊन पुळणीवर गेला आणि बोर्डावरची दुसरी ओळ पुसून आला. 'खासगी जागा' तेवढं राहिलं. कंपनीलाही घरी जाऊन तोंड दाखवायचं असतं. होड्या तिथंच बांधल्या गेल्या. रविवारी मोर्चाऐवजी कोंडाजीनं बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना उरलेला केक वाटला, आणि उरणचे दोन ट्रक केक खाऊन परत गेले.

शकूनं पत्र देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. चांगदेव पाच मिनिटं हात जोडून उभा राहिला आणि सहाव्या मिनिटाला त्याचा हात खिशाकडे गेला.

"खबरदार," शकू म्हणाली. "आधी वाचा. सगळं. दुसरा भाग पण."

त्यानं चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून चारही पानं वाचली. शेवटच्या पानावर होतं, की हे पत्र गोपनीय असून कोणत्याही समाजमाध्यमावर प्रसिद्ध करू नये. चांगदेवच्या आयुष्यातली ही पहिली खरी बातमी, आणि ती टाकायची नाही! मग पत्र पाकिटात घातलं, पाकीट छातीशी धरलं आणि चपला घालून निघाला. घरोघर. पायी. एकेका दारात उभा राहून, "कायम झालो, बघा."

"पेढे?" पहिल्याच घरात विचारलं.

"पेढे खाल्लेत तुम्ही. सहा वर्षांपूर्वी."

"ते वेगळ्या नोकरीचे असतील," वेणूबाई आतून म्हणाली.

कुणी तारीख बघितली, कुणी सही उन्हात धरून बघितली. तुकारामानं पत्र नाकाजवळ नेलं, परत दिलं आणि म्हणाला, "आता खरा कायम ना रं? का माझ्यासारखाच गेलेला?" चांगदेव हसला. हसताना त्याला बरं वाटलं. समोर माणूस जिवंत बसून टोमणा मारतो, त्याला फोनवरून अंगठा पाठवायची गरज पडत नाही. अठरा घरं झाली, अठरा चहा झाले. एकोणिसावं घर कोंडाजीचं. कोंडाजीनं त्याला मिठी मारली, गळ्यात हात टाकला, पत्र त्याच्या हातात पंख्यासारखं उलगडून धरायला लावलं आणि एक फोटो काढला. "घरात ठेवायला रं, भाऊ हायेस माझा."

चांगदेव घरी येऊन, पत्र पुन्हा देव्हाऱ्यात ठेवून पाय धूत होता तेव्हा शकूच्या फोनवर ते आलं. वर चांगदेव, हातात पत्राची चारही पानं, पगाराच्या आकड्यासकट. 'आमचे बंधू चांगदेवशेठ कायम झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! एकवीरा आई त्यांना व कंपनीला उदंड आयुष्य देवो. शुभेच्छुक : होडी बचाव समिती व सागरझेप परिवार, मांडवा.' उजव्या कोपऱ्यात निळी लाट, लाटेवर झेपावणारा पक्षी. तो चांगदेवच्याच जुन्या शुभेच्छांवरून उचललेला होता, कडा जराशा कापल्या गेल्या होत्या एवढंच.

चांगदेव ओल्या पायांनी उभा राहिला. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव आलं, मृणाली मॅडम.

त्यानं फोन बायकोपुढे धरला. पत्र देव्हाऱ्यात होतं, नवस फेडायचा राहिला होता, आणि फोन थांबायचं नाव घेत नव्हता.

"उचला," शकू म्हणाली, "आणि सांगा, बोट लागतेय."